पहिल्या फुल मॅरेथॉनला टायमिंग किती धरायचं? परभणीच्या एका गुरुजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणीत कृषी विद्यापीठाच्या कॅम्पसमधे सकाळी पळणारा आमचा एक ग्रुप आहे. त्यातल्या एका गुरुजींचं हे प्रकरण. नाव देत नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात. पहिल्या फुल मॅरेथॉनला काय टायमिंग धरावं हा प्रश्न मला दरवर्षी ऑगस्ट लागला की कुणीतरी विचारतंच, आणि दोन ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गुरुजींचं वय ४१, वजन ७४ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, शाळा लांब, रोज मोटरसायकलवर जाणं येणं मिळून ६० किलोमीटर होतं. घरची थोडी शेती आहे, सोयाबीन आणि कापूस. शुगर बॉर्डरवर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चालता चालता पळायला लागले आणि त्याला आता तीन वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस पळायचे, एकूण ३५-३८ किलोमीटर व्हायचे. १० किलोमीटरचं बेस्ट टायमिंग ५३ मिनिटं. म्हणजे नवखे नव्हते, पण २१ च्या पुढं कधीच गेलेले नव्हते.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या फुलला त्यांनी नाव टाकलं. ४२.१९५ किलोमीटर.

अडचण

नाव टाकलं त्याच संध्याकाळी गुरुजींनी ग्रुपवर टाकून दिलं की पहिलीच फुल चार तासाच्या आत मारणार. सब-फोर. लगेच अंगठे आले, फुलं आली, शाळेतल्या स्टाफच्या ग्रुपवर पण ते गेलं, साडूनं स्टेटस ठेवलं. मी विचारलं, गुरुजी हे चार कुठून आलं? तर म्हणले, "सर, सगळेच चार म्हणायलेत. पाच तास लागले असं सांगायचं कसं लोकाला."

खरी अडचण इथं होती. चार हा आकडा त्यांच्या पायातून आलेला नव्हता, तो गोल आहे म्हणून आलेला होता. ४ तास ०१ मिनिट आणि ३ तास ५९ मिनिटं यात शरीराला काहीच फरक नसतो, सांगायला मात्र फार फरक पडतो. त्यामुळं होतं काय की माणूस पहिल्या किलोमीटरपासून त्या आकड्याच्या मागं पळतो आणि ३० किलोमीटरला रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून बसतो. असे लोक मी बघितलेत, चांगली तयारी केलेले लोक, आणि त्यातले काही जण परत फुलच्या वाटेला गेले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पहिली फुल माणसाच्या मनात आयुष्यभर राहते, ती चुकीच्या आकड्यापायी खराब होऊ नये.

गणित बघा. चार तासासाठी किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदाचा पेस लागतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाणी प्यायला थांबलं तर तेही त्यातच धरून. सप्टेंबरमधे गुरुजींचा निवांत पळायचा पेस ६:३० च्या आसपास होता.

समोर असलेले पर्याय

ग्रुपमधे यावर बरीच चर्चा झाली. एक मत असं की टार्गेट मोठंच ठेवावं, चारचं ठेवलं तर सव्वाचारला तरी येईल. दुसरं मत, पहिल्या फुलला टायमिंगचं नावच काढू नये, फक्त फिनिश करायचं. दोन्ही मतं मला पटत नाहीत.

पहिलं मत यासाठी नाही की मॅरेथॉनमधे हुकलेलं मोठं टार्गेट थोडक्यात हुकत नाही. सुरुवातीला किलोमीटरमागं २० सेकंद जोरात गेलं तर शेवटी किलोमीटरमागं दोन-दोन मिनिटं जातात. ढोबळ हिशोब असा की शरीराला वजनाच्या एका किलोमागं दर किलोमीटरला एक कॅलरी लागते, ७४ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला तीन हजाराच्या वर. स्नायू आणि लिव्हरमधे साठवलेली साखर साधारण दोन हजाराच्या आसपास असते. बाकीचं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून भागवायचं, आणि जितकं जोरात पळाल तितकी साखर लवकर संपते. लोक वॉल म्हणतात ती, म्हणजे अंगातलं बळच संपल्यासारखं होतं ती अवस्था, ३०-३२ किलोमीटरला येते त्याचं मोठं कारण हेच.

दुसरं मत ऐकायला समजूतदार वाटतं. पण टार्गेटच नसलेला माणूस पहिले १० किलोमीटर कोणत्या पेसनं पळणार? बाजूचे लोक पळतील त्या पेसनं. मुंबईच्या स्टार्टला हजारो लोक, ढोल, अंगात तीन आठवड्यांची विश्रांती, तिथं पाय आपोआप सुटतात. पहिल्या फुलमधे टार्गेटचा खरा उपयोग पळवायला होत नाही, सुरुवातीला रोखून धरायला होतो.

मग तिसरा पर्याय ठरला, आणि तो गुरुजींना एका मिनिटात पटला कारण तो मी शेतीच्या भाषेत सांगितला. सरकार पिकाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा आकडा, कशी लावतं? सप्टेंबरला नजरअंदाज, ऑक्टोबरला सुधारित, डिसेंबरला अंतिम. पीक उभं असताना कुणी अंतिम आकडा लावत नाही. तसंच टायमिंगचंही करायचं, आत्ता नजरअंदाज धरायचा, नोव्हेंबरच्या हाफनंतर (हाफ मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर) सुधारायचा, डिसेंबरच्या मोठ्या लाँग रननंतर अंतिम करायचा, आणि अंतिम झाल्यावर मुंबईत जाऊन बदलायचा नाही. चारचा आकडा त्यांनी नजरअंदाज म्हणून ठेवला. तेवढं मी मान्य केलं, कारण जोश मोडायचा नव्हता.

काय केलं

सप्टेंबर-ऑक्टोबर आठवड्याचे किलोमीटर वाढवण्यात गेले. ३८ वरून ४५, मग ५०. रविवारचा लाँग रन १८ वरून २४ पर्यंत नेला. मधे सोयाबीनची काढणी आली, मजूर मिळेना, गुरुजी स्वतः शेतात. त्या आठवड्यात दोनच दिवस पळाले, आणि ते राहिलेलं भरून काढायच्या नादात पुढच्या आठवड्यात जास्त पळायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. हे बोलायला सोपं आहे, पाळायला फार अवघड जातं, गुरुजींनी पाळलं.

नोव्हेंबरात छत्रपती संभाजीनगरला एक हाफ पळाले, पूर्ण जोर लावून. टायमिंग १ तास ५८ मिनिटं २० सेकंद. खूष झाले, मीही झालो. मोबाईलवर रेसच्या टायमिंगचा अंदाज देणाऱ्या कॅल्क्युलेटरमधे टाकलं तर त्यानं फुलचं टायमिंग दाखवलं ४ तास ०७ मिनिटं.

हा पहिला निर्णयाचा क्षण. गुरुजी म्हणले, "सात मिनिटं तर काढायचीत, काय होतंय त्याला."

आम्ही वहीवर लिहून काढलं. हाफचा पेस ५:३६, आणि ती हाफ संपल्यावर गुरुजी फुटपाथवर दहा मिनिटं आडवे झाले होते. सब-फोरला लागतो ५:४१. म्हणजे किलोमीटरला फक्त पाच सेकंद हळू जायचं आणि अंतर मात्र डबल. वहीत असं शेजारी शेजारी दिसल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

कॅल्क्युलेटरबद्दलही सांगतो कारण फार लोक त्यावर विसंबतात. त्यातली बरीचशी पीट रिगेल या अमेरिकन इंजिनियर-रनरच्या सूत्रावर चालतात. अंतर डबल झालं की टायमिंग डबलपेक्षा थोडं जास्त, साधारण २.०८५ पट धरायचं. सूत्र चांगलं आहे, ५ वरून १० ला, १० वरून हाफला छान जमतं. गुरुजींचंच बघा, ५३ मिनिटांच्या १० वरून हाफला १:५७ येत होतं आणि ते १:५८ ला आले. पण हाफवरून फुलला जाताना ते सूत्र असं धरून चालतं की तुमचा फुलचा सराव पण तितकाच झालाय. २०१६ साली विकर्स आणि व्हर्टोसिक या संशोधकांनी हौशी रनर लोकांच्या टायमिंगवर अभ्यास छापला, त्यात दिसलं की फुलसाठी हे सूत्र निम्म्या लोकांना दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त फास्ट अंदाज देतं. आठवड्याला ४०-५० किलोमीटर पळणारा, नोकरी, शेती, मुलंबाळं सांभाळणारा माणूस त्या निम्म्यातच येणार हे उघड आहे.

मग सुधारित आकडा काढला. हाफचं डबल ३ तास ५७, त्यात पहिल्या फुलचे २०-३० मिनिटं, म्हणजे ४:१७ ते ४:२७. आणि त्यावर मुंबईची हवा.

या हवेवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडच्या लोकांना हीच गोष्ट नडते. डिसेंबर-जानेवारीत परभणीत पहाटे कडाक्याची थंडी असते, पारा कधीकधी एक आकडी पण होतो, आणि हवा कोरडी. पळताना घाम येतो तसा वाळतो, टीशर्ट हाताला जेमतेम ओलसर लागतो, पाठीवर नुसते मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. अशा हवेत आलेला पेस फार सुंदर दिसतो. मुंबईत तोच माणूस मरीन ड्राईव्हला पोचेपर्यंत टीशर्टच्या टोकातून थेंब गळायला लागतात. घाम गळला तर अंग थंड होत नाही, तो वाळला तर होतं. मग रक्त कातडीकडं जास्त जातं, हार्ट रेट तोच ठेवायचा तर पेस कमी करावा लागतो, आणि चार तासाच्या पुढं जाणाऱ्याच्या डोक्यावर शेवटचा तासभर ऊन पण असतं. मराठवाड्यातल्या माणसानं डिसेंबरातल्या पेसवर किलोमीटरला ५-१० सेकंद तरी वाढवून धरावेत असं माझं मत आहे. हा अनुभवाचा आकडा आहे, प्रयोगशाळेतला नाही.

सुधारित आकडा ठरला ४:२५ ते ४:३५. गुरुजींनी ग्रुपवर स्वतः होऊन टाकलं की चारचं रद्द, साडेचारचं बघू. एकदोघांनी टोमणे मारले. पण मला वाटतं या सगळ्या प्रकरणात धाडसाचं काम कुठलं असेल तर ते हेच.

मग निवडणुकीची ड्युटी लागली. ट्रेनिंग, साहित्य, मतदान, रात्रीची जागरणं, दहा-बारा दिवस पळणं जवळपास बंद. इथं दुसरा निर्णय. प्लॅनमधे दोन ३२ चे रन होते, आता एकच बसत होता. दोन्ही कोंबायचे की एक सोडायचा? एक सोडला. उशिरा केलेल्या लाँग रनचा थकवा रेसपर्यंत उतरत नाही.

३२ किलोमीटर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाला. गंगाखेड रोडला पहाटे ऊसाच्या ट्रॉल्या चालू होत्या, मागं लाईट नाही, एकाला एक जोडलेल्या, अंधारात तिकडं पळणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून सगळं कॅम्पसमधेच फिरून फिरून केलं. पहिले २६ किलोमीटर ६:२५ नं गेले, शेवटचे ६ ला पेस ७:१० पर्यंत पडला. कारण एक तर ते निघाले साडेसहाला, शेवटी ऊन लागलं. दुसरं म्हणजे खाणं. गुरुजींनी खिशात राजगिऱ्याचे लाडू ठेवले होते. १८ व्या किलोमीटरला एक तोंडात टाकला तर कोरड्या तोंडात त्याचा भुगा घशाला चिकटून बसला, ठसका लागला, मग पुढचे खाल्लेच नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात जेल (पळताना घ्यायची घट्ट साखरेची पाकिटं) आणून छोट्या रनवर घेऊन बघितले, पोटाला त्रास नाही हे बघूनच पक्के केले. एका जेलमधे साधारण २५ ग्रॅम साखर, दर ८ किलोमीटरला एक, वरून इलेक्ट्रॉलचं पाणी.

अंतिम आकडा लावला ४:३०. पेस ६:२४. पहिले ५ किलोमीटर ६:३५, आणि हाफला २ तास १५ च्या आधी पोचायचं नाही.

रेसचा दिवस

शुक्रवारी रात्री देवगिरीनं निघाले, शनिवारी बीकेसीत जाऊन बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतला, मुक्काम सीएसएमटीपासून चालत जाता येईल अशा लॉजवर. रात्री वरण-भात खाल्ला, भाकरी आणि कच्ची कोशिंबीर टाळली. वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी पण डब्यातच राहिली.

अंधारात स्टार्ट झाला. पहिले ५ किलोमीटर ठरल्यासारखे. पेडर रोडचा पहिला चढ निवांत. मग वरळीच्या पुढं सी लिंक आला, समुद्राची हवा, उजाडत होतं, आणि नेमकी ४:१५ च्या पेसरची बस, म्हणजे ४ तास १५ मिनिटांच्या हिशोबानं पळवणारा पेसर आणि त्याच्यासोबतचा घोळका, बाजूनं निघाली. गुरुजी त्या घोळक्यात शिरले. चार किलोमीटर ६:०५ नं गेले. त्यांचं नंतरचं वाक्य जसंच्या तसं देतो: "सर, तिथं वाटलं की आपण उगंच घाबरलो, हे तर जमायलंय."

सगळ्या रेसचा निकाल तिथं ठरला. वांद्र्याच्या बाजूला उतरल्यावर त्यांनी मनगटावर पेनानं लिहिलेली वेळ बघितली, आपण किती पुढं आलोय ते कळलं, आणि बसला सोडून दिलं. दीडशे माणसं पुढं जाताना बघत आपला पेस कमी करणं सोपं नसतं. हाफला पोचले २ तास १३ मिनिटं ४० सेकंदाला. ठरल्यापेक्षा ८० सेकंद लवकर.

२१ ते ३२ चांगले गेले. ३३ ला मांड्या जड झाल्या. ३५ च्या पुढं पेडर रोड परत आला, आता उलट्या बाजूनं, डोक्यावर ऊन. तिथं दोनदा चालले, पण खांबापासून खांबापर्यंत मोजून. क्रॅम्प आला नाही. मरीन ड्राईव्हला परत पळायला लागले.

निकाल

४ तास ३४ मिनिटं ३० सेकंद. सरासरी पेस ६:३०. दुसरा हाफ २ तास २० मिनिटं ५० सेकंद, म्हणजे पहिल्यापेक्षा सात मिनिटं जास्त. पहिल्या फुलसाठी हा फरक फार चांगला आहे, बऱ्याच जणांचा अर्ध्या तासाच्या वर जातो.

घड्याळानं मात्र ४२.७ किलोमीटर आणि पेस ६:२६ दाखवला. घरी आल्यावर गुरुजींना वाटलं की साडेचारला अगदी थोडक्यात हुकलं. रस्त्याचं माप कमीत कमी अंतराच्या रेषेवर घेतलेलं असतं आणि आपण लोकांना वळसे घालत, पाण्याच्या टेबलाकडं जात पळतो, उंच इमारतींत जीपीएस पण हलतं. म्हणून घड्याळात अर्धा किलोमीटर जास्त येणं नेहमीचंच. त्या हिशोबानं ४:३० साठी घड्याळावर ६:२४ पुरत नव्हता, ६:१९ लागत होता.

वेगळं काय करता आलं असतं

टायमिंग गावभर सांगायची वेळ चुकली. हाफच्या आधी कुणालाच सांगायची गरज नव्हती. आकडा खाली आणताना गुरुजींना जो त्रास झाला तो सगळा त्यामुळं, आणि सगळ्यांनाच ते जमत नाही, बरेच लोक टोमण्याच्या भीतीनं जुन्याच आकड्याला चिकटून पळतात.

३२ चा रन पहाटे साडेचारला निघून केला असता तर अंतिम आकडा जास्त खात्रीनं लावता आला असता. ऊन आणि लाडू या दोन्हीमुळं शेवटच्या ६ किलोमीटरची घसरण पायाची किती आणि बाकीची किती हे वेगळं काढता आलं नाही. शिवाय सगळे लाँग रन एकाच निवांत पेसनं झाले. दोन तरी रन असे हवे होते की शेवटचे १०-१२ किलोमीटर रेसच्या पेसनं. थकलेल्या पायावर ६:२४ कसा लागतो हे गुरुजींना पहिल्यांदा मुंबईतच कळलं.

आठवड्याच्या मधला रन छोटा पडला. रविवारी २८-३० आणि बुधवारी ८, असं तोललं जात नाही. शाळेच्या वेळेमुळं ते झालं हे मान्य, पण एक १४-१५ चा रन मधे बसवला असता तर ३३ व्या किलोमीटरच्या मांड्या कदाचित ३६ पर्यंत टिकल्या असत्या.

ग्रुपमधे एकाचं अजूनही म्हणणं आहे की गुरुजींनी सी लिंकवर बस सोडायला नको होती, ४:२० ला आले असते. मी सहमत नाही. ४:१५ च्या बससोबत हाफला २:०७ ला पोचायचं म्हणजे त्यांच्या नोव्हेंबरच्या जीव तोडून केलेल्या हाफपेक्षा फक्त नऊ मिनिटं हळू, आणि पुढं अजून २१ किलोमीटर, ऊन आणि पेडर रोड. चार किलोमीटर त्या घोळक्यात काढल्याचीच किंमत ३३ नंतर दिसली. उलट ते चार किलोमीटर ६:२० नं गेले असते तर साडेचारच्या अजून जवळ गेले असते असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

पुढच्या वर्षीचं नाव टाकायचं ठरलंय. बुधवारचा रन आता १४ चा झालाय, पहाटे साडेचारला निघून सव्वासहाला घरी, मग आंघोळ करून शाळा. टायमिंगचा आकडा गुरुजींनी अजून कुणालाच सांगितलेला नाही, मलाही नाही. ऑगस्टमधे १० किलोमीटर जोर लावून पळून बघणार, मग वही उघडणार आहेत.